गळा ज्याचा, भूमिका त्याची

जुन्या संगीत नाटकाचे पुनरुज्जीवन करावयाचे ठरले म्हणजे आजकाल पहिली चर्चा होते ती पात्रयोजनेत कोणते परिचित नाव घालता येईल याची. चित्रपटांतून वा मालिकांतून घरोघरी पोहोचलेला चेहरा मिळाला, की अर्धे काम फत्ते झाले असे मानले जाते, आणि पदे कोण, कशी व किती तयारीने गाणार हा प्रश्न मागाहून, कित्येकदा तालमी सुरू झाल्यावर, विचारात घेतला जातो. या रीतीमागील आर्थिक विवंचना मी समजू शकतो. परंतु संगीत नाटकाची घडणच अशी आहे, की त्यात हा क्रम उलटा ठेवल्यावाचून नाटक उभेच राहत नाही. आणि म्हणून ज्या भूमिकेला गाणे आहे ती आधी गळ्याची व मग चेहऱ्याची, हा दंडक मराठी रंगभूमीने पुन्हा एकदा निःसंदिग्ध शब्दांत मान्य केला पाहिजे, असे मला आग्रहाने म्हणावयाचे आहे.

हा दंडक कोणा एका रसिकाच्या लहरीतून निघालेला नाही. मराठी संगीत नाटकाचा जन्मच त्यातून झाला आहे. 1843 साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे पौराणिक नाटकांचा शिरस्ता असा होता, की कथाभाग सूत्रधाराने आपल्या साथीदारांसह पदांतून गावा आणि राम, रावण, सीता या सोंगांनी त्या गाण्याच्या अनुरोधाने हावभाव करावेत, अवांतर भाषणे आयत्या वेळी सुचतील तशी करावीत. गाणारा एक आणि सोसणारा दुसरा, अशी ती वाटणी होती. ही वाटणी अण्णासाहेब किर्लोस्करांनी मोडली. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले अंक रंगभूमीवर आले, तेव्हा दुष्यंताचे पद दुष्यंत झालेल्या मोरोबा वाघोलीकरांच्या मुखातून निघाले आणि कण्वाची व्याकुळता बाळकोबा नाटेकरांच्या गळ्यातून प्रकट झाली. दोन वर्षांनी, 1882 साली, ‘सौभद्र’ आले आणि त्याच वर्षी बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. त्या एका गळ्याने सुभद्रेला जे वैभव दिले त्याच्या आठवणी महाराष्ट्र आजही सांगतो. किर्लोस्करांच्या नाटकांत काव्य होते, शास्त्रोक्त व लौकिक चालींचा सुरेख मेळ होता, हे सर्व खरेच. पण त्यांनी केलेली खरी क्रांती अशी, की ज्याचे दुःख त्याचाच सूर हा नियम त्यांनी घालून दिला. बोलणारा, चालणारा, रुसणारा आणि गाणारा देह एकच असला पाहिजे, या करारावर मराठी संगीत नाटकाची इमारत उभी आहे.

हा करार ध्यानात घेतला म्हणजे पदाचे नाटकातील स्थान आपोआप स्पष्ट होते. भाषणांच्या मध्ये विसाव्यासाठी घातलेला अलंकार असे पदाचे स्वरूप नसते. सामान्य भाषण जेथे अपुरे पडते तेथे पात्र गाऊ लागते, आणि गाणे संपते तेव्हा ते पात्र मनाने दुसऱ्या ठिकाणी जाऊन पोहोचलेले असते. ‘सौभद्रा’तील शंभराहून अधिक पदे काढून घेतली, तर उरलेल्या संवादांतून कथानक कळेल, पण सुभद्रा कळणार नाही.

याचे सर्वांत उघड उदाहरण ‘कट्यार काळजात घुसली’ हे आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ने 24 डिसेंबर 1967 रोजी रंगभूमीवर आणले, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे, खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे आणि पंडित भानुशंकरांच्या भूमिकेत भार्गवराम आचरेकर. या नाटकाचा विषयच मुळी गाणे आहे. राजगायकाच्या पदासाठी दोन गवयांत चुरस आहे, एका घराण्याची विद्या दुसऱ्या घराण्याच्या सदाशिव या शागिर्दाने चोरून ऐकली आहे, आणि ती विद्या त्याच्या गळ्यात उतरली किंवा नाही याचा निवाडा प्रेक्षकाने आपल्या कानांनी करावयाचा आहे. खाँसाहेबांची तान जर प्रेक्षकाच्या अंगावर आली नाही, तर त्यांच्या अहंकाराला आधार राहत नाही. सदाशिवाच्या गळ्यातून उस्तादाची फिरत निघाली नाही, तर खाँसाहेबांच्या हृदयपरिवर्तनाला कारणच उरत नाही. येथे गळा हाच पुरावा आहे, आणि पुराव्यावाचून खटला चालत नाही.

आता विचार करावा, की 1967 साली खाँसाहेबांची भूमिका ज्यांना दिली गेली ते वसंतराव देशपांडे कोण होते. लहानपणी एका चित्रपटात काम केलेले, पुढे अनेक वर्षे लष्करी हिशेब खात्यात नोकरी करून गाणे सांभाळलेले, वयाची सत्तेचाळिशी गाठलेले असे ते गवई होते. रूपाने मोहून टाकणारा नट, अशी काही त्यांची ख्याती नव्हती. त्या वेळी निर्मात्याने तिकीटविक्रीचा तेवढा हिशेब मांडला असता, तर एखादे अधिक चलनी नाव शोधता आले असते. परंतु भूमिका गळ्याला दिली गेली, आणि त्या गळ्यानेच पुढे निर्मात्याची तिजोरी भरली. नाव आधी व नाटक मागून, असा मराठी संगीत रंगभूमीचा अनुभव नाही. नाटकाने नाव मोठे केले, असाच तिचा वारंवारचा अनुभव आहे.

मग चेहरा आणि गळा यांची फारकत झाली कोठे? ती रंगभूमीवर झाली नाही, चित्रपटात झाली, आणि तीही प्रारंभी नव्हे. 1932 साली ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला, त्यात हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे; ‘मानापमाना’च्या चाली बांधणारे ते गोविंदराव स्वतः गात. ‘संत तुकाराम’ (1936) या चित्रपटातील विष्णुपंत पागनीस हे नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करून तयार झालेले गायक नट होते, आणि तुकोबांचे अभंग पडद्यावर त्यांच्याच कंठातून ऐकू आले. शांता आपटे यांची लोकप्रियता त्यांच्या अभिनयाइतकीच त्यांच्या गाण्यावर उभी होती. त्या काळी चित्रपटातील तारा किंवा तारका नाटकात आली असती, तर गळ्याची पंचाईत पडली नसती, कारण गळा हीच तिची पहिली सनद होती. परंतु 1935 च्या सुमारास कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायनाची पद्धत रूढ केली आणि पुढील काही वर्षांत ती सर्वत्र पसरली. किर्लोस्करांनी जे सांधले होते ते चित्रपटाने आपल्या सोयीसाठी पुन्हा सुटे केले: ओठ एकाचे, सूर दुसऱ्याचा.

चित्रपटापुरती ही सोय न्याय्य आहे, इतकेच नव्हे, तर तिने कलेची सेवाच केली आहे, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ‘बालगंधर्व’ (2011) या चित्रपटात सुबोध भावे यांचा अभिनय आणि आनंद भाटे यांचा गळा एकत्र आला, आणि त्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2015 साली ‘कट्यार’ पडद्यावर आली, तेव्हा खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा व गळा राहुल देशपांडे यांचा होता. सदाशिवाचा चेहरा सुबोध भावे यांचा व गळा महेश काळे यांचा होता. त्या गायनासाठी महेश काळे यांनाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ज्या तरुण पिढीने संगीत नाटकाचे नावही ऐकले नव्हते तिच्या कानांवर अभिषेकीबुवांच्या चाली या चित्रपटाने घातल्या, हे ऋण कोणीही नाकारू नये. चित्रपट पाहणाऱ्याला ही जोडणी ठाऊक असते, श्रेयनामावलीत गायकाचे नाव सन्मानाने येते, आणि म्हणून तेथे कोणाची फसवणूक होत नाही. तथापि याच ‘कट्यारी’चे चित्रपटापूर्वी, 2010 साली, रंगमंचावर जे पुनरुज्जीवन झाले त्यात खाँसाहेबांची भूमिका राहुल देशपांडे यांनी आणि सदाशिवाची महेश काळे यांनी केली होती, आणि दिग्दर्शक होते, चित्रपटाप्रमाणेच, सुबोध भावे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. एकाच दिग्दर्शकाने रंगमंचासाठी गळे निवडले आणि पडद्यासाठी चेहरे व गळे वेगवेगळे निवडले. दोन माध्यमांचे धर्म भिन्न आहेत याची याहून स्पष्ट साक्ष दुसरी कोणती हवी?

रंगमंचाचा धर्म भिन्न कसा, हे एखादे पद घेऊन जवळून पाहावे. नट चार-पाच मिनिटे संवाद बोलत असतो. त्या संवादात राग असेल, धावपळ असेल, रडणे असेल. संवादाच्या शेवटच्या शब्दावर ऑर्गनवाला सूर देतो, आणि श्वास पुरता स्थिरावण्यापूर्वीच नटाला त्या सुरावर नेमके उतरावे लागते. बोलण्याची पट्टी निराळी, गाण्याची निराळी. बोलताना आवळलेला गळा गाण्यासाठी तत्क्षणी मोकळा करावा लागतो. मैफलीतला गवई बैठक मारून, तानपुऱ्यांच्या मध्ये, आपल्या मर्जीने आलाप करीत हळूहळू तापत जातो. नाटकातल्या गवयाला मुखड्यावरच रंग भरावा लागतो, आणि तोही उभ्याने, भरजरी वस्त्रांत, दिव्यांच्या झोतात, समोरच्या पात्राकडे पाहत आणि शब्दाचा अर्थ न सांडता. तबलजीशी लय राखायची, तान घेताना मुद्रा वेडीवाकडी होऊ द्यायची नाही, समेवर येताना भूमिका विसरायची नाही. आणि असे एकदा नव्हे, तर तीन तासांत पाच, सात, दहा वेळा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी पुन्हा तितक्याच ताज्या गळ्याने. हा दमसास महिनाभराच्या शिकवणीने येत नाही. त्याला वर्षांचा रियाज लागतो, आणि ज्याची सारी वर्षे चित्रीकरणाच्या तारखा सांभाळण्यात गेली आहेत त्याच्याकडे तो नसला तर त्यात त्याचा काही अपराध नाही. अपराध असलाच तर तो त्याला ती भूमिका देणाऱ्याचा आहे.

अशा वेळी पळवाटा शोधल्या जातात. पदांची संख्या कापायची, अंतरा गाळायचा, तानांच्या जागी सतारीचा वा बासरीचा तुकडा भरायचा, पट्टी इतकी खाली आणायची की पदाचा ताठा निघून जावा, किंवा सर्वांत शेवटची आणि सर्वांत वाईट वाट म्हणजे आधी मुद्रित केलेले गाणे वाजवून रंगमंचावर ओठ हलवायचे. यांतील पहिल्या चार गोष्टी नाटक पातळ करतात; पाचवी मात्र किर्लोस्करांच्या कराराचा भंग करते. आपण 1880 च्या मागे जातो. विष्णुदासांच्या नाटकात सूत्रधार निदान प्रेक्षकांसमोर उभा राहून गात असे. येथे गाणारा समोरही नसतो.

यावर निर्मात्यांचे उत्तर ठरलेले आहे, आणि ते गंभीरपणे ऐकून घेण्याजोगे आहे. संगीत नाटक गद्य नाटकाहून खर्चाचे असते: वादक हवेत, त्यांचा प्रवास व मुक्काम हवा, वेशभूषा व नेपथ्य भारी हवे, तालमी लांबतात, आणि नाट्यगृहाचे भाडे तर कोणालाच चुकत नाही. अशा स्थितीत ओळखीच्या नावावाचून आगाऊ तिकिटे जात नाहीत, आणि तिकिटे गेली नाहीत तर नाटक पाचव्या प्रयोगाला बंद पडून गळा व चेहरा दोन्ही घरी बसतात. यातील अडचण खरी आहे. तिच्यावर योजलेला उपाय मात्र तिला पुरा पडत नाही. परिचित चेहरा पहिले दहा-पंधरा प्रयोग भरून काढील. पुढचे प्रयोग भरतात ते घरी परतलेल्या प्रेक्षकाने शेजाऱ्याला काय सांगितले यावर. संगीत नाटकाचा प्रेक्षक ‘अमका दिसला छान’ असे सांगून कोणाला पाठवीत नाही, ‘काय गायला!’ असे सांगून पाठवितो, आणि वेळ आली तर स्वतः दुसऱ्यांदा जातो. शिवाय चित्रपटाच्या नटाच्या तारखा मोजक्या असतात. त्या संपल्या की नाटक संपते, आणि त्या भूमिकेसाठी कोणी गायक नट तयार झालेला नसल्यामुळे पुनरुज्जीवन या शब्दाला अर्थ उरत नाही.

तिकिटाच्या विषयात प्रेक्षकाच्या बाजूनेही काही बोलले पाहिजे, आणि ते मी वसई तालुक्याच्या या उत्तर टोकावरून बोलतो. आमच्या नंदाखाल गावच्या माणसाला संगीत नाटक पाहावयाचे म्हणजे विरार गाठून बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर किंवा दादरचे शिवाजी मंदिर यांपैकी एखाद्या नाट्यगृहाकडे जावे लागते, आणि रात्रीचा प्रयोग असला तर शेवटच्या गाड्यांपैकी एखादी पकडून मध्यरात्रीनंतर घरी यावे लागते. पहाटे वाडीत जाणारा, फुले नाहीतर भाजी दादरला रवाना करणारा माणूस ही यातायात करतो, ती चेहरा पाहण्यासाठी खचितच नव्हे. चेहरा त्याला घरबसल्या रोज संध्याकाळी दिसतो. तो जातो ते जे घरी मिळत नाही त्यासाठी: जिवंत माणसाने, आपल्या डोळ्यांदेखत, चुकण्याचा धोका पत्करून लावलेल्या सुरासाठी. तेवढे जर त्याला मिळाले नाही, तर त्याने मोजलेल्या पैशांचा मोबदला त्याला मिळाला नाही, असेच म्हटले पाहिजे.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या आधारे घेतला जातो. बालगंधर्व हेही त्यांच्या काळचे सर्वांत मोठे आकर्षण होते. त्यांच्या शालूंची, दागिन्यांची, केशरचनेची घरोघरी नक्कल होत असे. मग नावावर नाटक चालविण्याची प्रथा आजचीच कशी? हा दाखला बरोबर आहे, पण तो उलट बाजूची साक्ष देतो. बालगंधर्वांचे नाव मोठे झाले ते 1905 साली किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहून गायल्यामुळे, 1911 साली ‘मानापमाना’तील भामिनीची आणि 1916 साली ‘स्वयंवरा’तील रुक्मिणीची पदे गायल्यामुळे, ‘स्वयंवरा’मागे तर भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गुरूची तालीम होती. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन नावांसाठी लोक लोटले हे खरे. परंतु ती नावे म्हणजे दोन गळे होते, आणि त्या रात्री ते गळे एकमेकांसमोर कसोटीला लागणार होते म्हणून लोक लोटले होते. उलट दिशेचा अनुभवही बालगंधर्वांनीच देऊन ठेवला आहे. ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ (1935) या चित्रपटात त्यांनी एकनाथांची भूमिका केली. पण पडद्याच्या त्या दुनियेत ते रमले नाहीत आणि रंगभूमीकडे परत आले. रंगभूमीवरचे नाव पडद्याने आपल्या कसोटीवर घासून पाहिले, तसेच पडद्यावरचे नाव रंगभूमीने आपल्या कसोटीवर घासून घ्यावे, यात अन्याय कसला?

मग चित्रपटातील नामवंत नटांना संगीत नाटकाचे दार बंदच करावे काय? मुळीच नाही, आणि माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर आपल्या नाटक मंडळ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. गणपतराव बोडस हे किर्लोस्कर व गंधर्व या दोन्ही मंडळ्यांचे आधारस्तंभ. संगीत नाटकांच्या त्या भरतीच्या काळात त्यांनी अफाट कीर्ती मिळविली, ती गद्य अभिनयाच्या बळावर. ‘मानापमाना’तील लक्ष्मीधर, ‘संशयकल्लोळा’तील फाल्गुनराव, ‘एकच प्याल्या’तील सुधाकर या भूमिका त्यांनी गाजविल्या. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ची (1919) रचनाच या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. नाटकाचा नायक सुधाकर आपल्या नाशाची सारी कहाणी गद्यात बोलतो. त्याच्या शेजारी सिंधू, विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचलेल्या पदांतून, तेच दुःख गाते. एका घरातले दोन जीव, एक बोलणारा, एक गाणारा. आणि ही वाटणी बोडस व बालगंधर्व यांच्या अंगच्या सामर्थ्याला तंतोतंत जुळलेली. ज्याच्याजवळ वाणी त्याला वाणीची भूमिका, ज्याच्याजवळ गळा त्याला गळ्याची. सुधाकर, तळीराम, फाल्गुनराव, लक्ष्मीधर, ‘शारदे’तील भुजंगनाथ, या भूमिका अभिनयाच्या सर्व शक्तींना आव्हान देणाऱ्या आहेत, आणि कोणत्याही चित्रपटातील समर्थ नटाने त्या जरूर कराव्यात. प्रशांत दामले यांनी ‘संशयकल्लोळ’ रंगभूमीवर परत आणले, तेव्हा स्वतः फाल्गुनराव होऊन अश्विनशेटची गाती भूमिका राहुल देशपांडे यांच्याकडे दिली. लोकप्रिय नाव आणि तयार गळा यांचा समेट कसा करावा याचा तो सरळ, अनुकरणीय मार्ग आहे.

बाहेरच्या जगातही हाच प्रश्न उभा राहिला आहे. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून रचलेल्या ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेने 1956 साली न्यूयॉर्कची रंगभूमी जिंकली, तेव्हा तिची नायिका होती ज्यूली अँड्र्यूज, स्वतः उत्तम गाणारी. 1964 साली तिचा चित्रपट निघाला, तेव्हा निर्मात्याने अधिक प्रसिद्ध म्हणून ऑड्री हेपबर्न हिला निवडले आणि बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेकडून म्हणवून घेतली. पण त्याच संगीतिकेतील प्राध्यापकाची भूमिका रेक्स हॅरिसन या गळा नसलेल्या नटासाठी अशी बेतली होती, की त्याने गाणी तालावर बोलून म्हणावीत. आणि ती भूमिका त्याने रंगमंचावर व पडद्यावर दोन्हीकडे कोणाचा उसना आवाज न घेता अजरामर केली. नटाच्या मर्यादेला धरून भूमिका लिहिणे हा प्रामाणिकपणा आहे. भूमिकेची उंची नटाच्या मर्यादेपर्यंत खाली ओढणे हा नाही.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. 2016 साली फिरोज अब्बास खान यांनी मुंबईत ‘मुघल-ए-आझम’ रंगमंचावर आणले. मूळ 1960 च्या चित्रपटात मधुबालेचा चेहरा आणि लता मंगेशकरांचा सूर एक झाला होता, आणि ती जोडी भारतीय प्रेक्षकाच्या मनात कोरलेली होती. रंगमंचावर एखादी प्रसिद्ध तारका आणून मागे ध्वनिमुद्रिका वाजविणे किती सोपे होते! तसे न करता अनारकलीच्या भूमिकेसाठी प्रत्यक्ष गाऊ शकणाऱ्या प्रियांका बर्वे आणि नेहा सरगम यांची निवड झाली. गायिकांनी अभिनय आत्मसात केला, आणि त्या नाटकाला देशात व देशाबाहेर भरभरून प्रेक्षक लाभला. मराठीत ‘संगीत देवबाभळी’नेही हेच दाखविले. आवली आणि लखुबाई यांच्या भूमिकांत शुभांगी सदावर्ते व मानसी जोशी या दोघी रंगमंचावर गात होत्या. मोठे नाव पाठीशी नव्हते, तरी महाराष्ट्रभर ते नाटक लोकांनी डोक्यावर घेतले.

या प्रतिपादनाची दुसरी बाजू न मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. गळा हवा याचा अर्थ नुसता गळा पुरे, असा नाही. वन्समोअरच्या मोहात पडून एकेक पद अर्धा-अर्धा तास आळवीत बसणारे, नाटकाची मैफल करून टाकणारे आणि समोरचे पात्र ताटकळत उभे आहे याचे भान न ठेवणारे गायक नट आपल्याकडे होऊन गेले. संगीत रंगभूमीच्या उतरत्या काळाला बोलपट जितका कारणीभूत, तितकाच काही अंशी हा दोषही कारणीभूत होता. म्हणूनच अभिषेकीबुवांनी 1964 च्या ‘मत्स्यगंधा’पासून पदे आटोपशीर आणि आशयाला बिलगून राहणारी केली, आणि त्या नव्या बांध्याने संगीत नाटकाला पुन्हा उमेद दिली. गायकाने अभिनय शिकला पाहिजे, आणि ज्या चित्रपटनटाने खरोखर गुरूजवळ बसून, चित्रीकरणे दूर ठेवून, गळा तयार केला असेल त्याला गाणारी भूमिकाही मिळाली पाहिजे. माझा विरोध कोणाच्या व्यवसायाला नाही, परीक्षेवाचून दिलेल्या भूमिकेला आहे.

ही परीक्षा किती स्वाभाविक आहे, हे आमच्या गावात सहज पाहावयास मिळते. नंदाखाल हे सामवेदी बोली बोलणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचे गाव, पवित्र आत्म्याच्या चर्चभोवती वसलेले. साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. नाताळ वा ईस्टर जवळ आला, की रात्रीची जेवणे आटोपून गायनवृंदाच्या तालमी चालतात. एकट्याने म्हणावयाचे कडवे कोणाला द्यायचे हा प्रश्न आला, म्हणजे चालविणारा पेटीवर सूर धरतो आणि दोघा-तिघांकडून तीच ओळ म्हणवून घेतो. ज्याचा सूर वरच्या जागी न डगमगता टिकतो त्याच्याकडे कडवे जाते. कोणाची वाडी मोठी, कोणाचा मुलगा परदेशी, कोण गावात मानाचा, याचा हिशेब तेथे कोणी मांडीत नाही, आणि ज्याला कडवे मिळाले नाही तो न कुरकुरता समूहात उभा राहून गातो. एका गावच्या उपासनेत जे तारतम्य पाळले जाते ते एका प्रांताच्या रंगभूमीने पाळू नये, असे होता कामा नये.

तेव्हा काही स्पष्ट सूचना मांडतो. गाणाऱ्या भूमिकेचा अंतिम अधिकार संगीत दिग्दर्शकाकडे असावा, आणि पात्राची परीक्षा ऑर्गन-तबल्यावर, मूळ पट्टीत, संवाद बोलून लगेच पद उचलायला लावून घ्यावी. नाटकाच्या जाहिरातीत पदे रंगमंचावर प्रत्यक्ष गायली जातील की नाही, हे ठळक अक्षरांत छापावे; मुद्रित आवाज वापरावयाचा असेल तर तो ज्याचा आहे त्याचे नाव नटाच्या नावाइतकेच मोठे असावे, म्हणजे प्रेक्षक आपला निर्णय जाणतेपणी घेईल. प्रत्येक गाणाऱ्या भूमिकेसाठी दुसरा एक तरुण गायक नट आरंभापासून तालमीत तयार केला जावा आणि त्याला ठराविक प्रयोग हक्काने मिळावेत. राज्य शासनाच्या संगीत नाट्यस्पर्धेतून, रत्नागिरीच्या ‘खल्वायन’सारख्या संस्थांतून, गोव्याच्या जत्रांतील नाटकांतून जे गळे दरवर्षी पुढे येतात त्यांची दखल व्यावसायिक निर्मात्यांनी घ्यावी; दीनानाथ, अभिषेकी, रामदास कामत, प्रसाद सावकार ही सारी गोव्याच्या मातीची देणगी आहे, आणि ती माती अजून नापीक झालेली नाही. आणि शासनाने संगीत नाटकाला अनुदान द्यावयाचे असेल, तर प्रत्यक्ष गायन ही त्याची पहिली अट असावी. सार्वजनिक पैसा ज्या कलेच्या नावाने मंजूर होतो ती कला प्रयोगात हजर असली पाहिजे, हे कोणत्याही कचेरीला पटण्यासारखे आहे.

चित्रपटाची तारका वा नट संगीत नाटकात आला, तर त्याचे स्वागत असो. त्याच्या नावाने चार नवी माणसे नाट्यगृहात येतील, आणि सुधाकराच्या वाणीने ती हेलावून जातील. पण सिंधू मात्र गाणारीच हवी. सिंधूचे दुःख ऐकण्यासाठी आलेल्या माणसाला सिंधूचाच सूर ऐकू आला पाहिजे. किर्लोस्करांनी 1880 साली मराठी प्रेक्षकाला दिलेला तो हक्क आहे, आणि कोणत्याही निर्मात्याला तो प्रेक्षकाच्या संमतीवाचून परत घेता येणार नाही.